हिल्डाने बँड थांबू दिला नाही

आमची हिल्डा आगाऊ आहे, असं अख्खं गोराई म्हणायचं. म्हणू दे. मी तिचा धाकटा भाऊ, फ्रेडी. मला जन्मापासून रक्त न थांबायचा रोग. पाय नुसता मुरगळला तरी गुडघ्यात आतल्या आत रक्त भरतं. आमचा जॉनीमामा तर दात काढला आणि त्यातच गेला. लोकांना काय सांगितलं, तर कावीळ झाली होती.

एकाहत्तर साली बोरिवलीच्या इस्पितळातली डॉक्टरीण हिल्डाला म्हणाली, "या रोगाला लागणारा प्लाझ्मा शहरातून मागवावा लागतो. इथे ठेवा म्हटलं, तर वरचे म्हणतात, एका पेशंटसाठी? तुमच्या गावांत असे किती आहेत, कोणाला कशाने रक्त गेलं, एवढं कळलं तर मी भांडेन."

हिल्डा घरोघर फिरली. सगळीकडे एकच, "आमच्यात तसलं काही नाही गो." रोग होतो पोरग्यांना, पण येतो आईकडून. बोभाटा झाला की घरातल्या पोरींची लग्नं अडली. मला असा राग यायचा की गुडघ्यापेक्षा डोकं जास्त ठणकायचं.

हिल्डाचं स्वतःचं लग्न युस्टेसशी ठरलं होतं. त्याला तिने सगळं सांगितलं. तो म्हणाला, लग्न होईपर्यंत गप्प बस.

ही कसली गप्प बसते. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी आमच्यात बँड लावून विहिरीवर जातात, नवरीच्या आंघोळीचं पाणी आणायला. मनोरी, उत्तन, कुठकुठल्या मावश्या मांडवात जमलेल्या. युस्टेसची आत्याही नवरीची साडी घेऊन आलेली. हिल्डा मधोमध उभी राहिली. "जॉनीमामा काविळीने नाही गेला. रक्त थांबलं नाही म्हणून गेला. फ्रेडीला तेच आहे. उद्या माझ्या पोरालाही होऊ शकतं. तुमच्यात कोणाला असेल तर आज सांगा, नाहीतर फ्रेडीही तसाच जाईल."

आत्या साडी उचलून चालू लागली. आई रडत म्हणाली, "वाट लावलीस गो." बँडवाले आवराआवर करायला लागले. हिल्डा त्यांच्यावर खेकसली, "कुठे चाललात? वाजवा. पाण्याला जायचंय."

कळशी घेऊन ती निघाली. मागे मी एकटा, लंगडत. मग एथेलमावशी आली आणि तिच्या कानाशी लागली, "माझा धाकटा." मग उत्तनची एक, "माझे दोघे. एक गेला." बँड एवढ्या जोरात चालला होता की एकीचं दुसरीला ऐकू जात नव्हतं. परत येतानाही हिल्डाने तो थांबू दिला नाही.

डॉक्टरणीने सगळी माहिती जुळवली तेव्हा कळलं, गेलेले बहुतेक दातापायीच गेले होते. ती भांडली. प्लाझ्मा बोरिवलीत आला.

वर्षभराने युस्टेस पुन्हा विचारायला आला. हिल्डा म्हणाली, "आता बोलू का मी?" तिने दार लावून घेतलं.

त्याच वर्षी माझा दात काढला, जॉनीमामाचा काढला होता तसाच. मी चालत घरी आलो.