लोक का सोडून जातात, ते विचारायला मी गेले

माझा राजीनामा लिहून तयार होता आणि नेमकं त्याच आठवड्यात साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "बाई, आपली माणसं का सोडून जातायत, ते जरा शोधून काढा."

रत्नागिरीजवळच्या एका लहानशा कारखान्यात मी तेरा वर्षं ऑफिस सांभाळत होते. उन्हाळ्यात आमच्याकडे हापूसचा रस डब्यात भरला जातो, थंडीत आवळ्याचं काम चालतं. साहेब म्हणजे मालक, सत्तरीचे, स्वतःच्या आंब्याच्या बागा असलेले. कोणावर आवाज चढवणारे नव्हेत, पण कोणाला काही विचारणारेही नव्हेत. त्या वर्षी जानेवारीत बॉयलरवरचे काका अचानक यायचे बंद झाले. पाठोपाठ आवळे कापणाऱ्या आठ बायकाही येईनाशा झाल्या. एप्रिलमध्ये आंबा सुरू होणार. बॉयलर पेटवायला परवाना असलेला माणूस लागतो, आणि वाफ नाही तर रसही नाही. मॅनेजरने काकांकडे आणि बायकांकडे पगारवाढीचा निरोप धाडला होता. त्याला उत्तरसुद्धा आलं नव्हतं.

"तुमचं लोकांशी बरं आहे," साहेब म्हणाले, "तुम्हीच जाऊन या."

मी बरं म्हटलं. माझी स्वतःची गोष्ट तेव्हा तोंडातून निघाली नाही. मावसबहिणीच्या ओळखीने पनवेलला एका शाळेच्या ऑफिसात मला जागा मिळत होती. नवऱ्याचं विजेच्या सामानाचं दुकान रत्नागिरीत, मुलगी अकरावीला, म्हणजे मी आठवडाभर तिकडे आणि रविवारपुरती घरी, असं ठरत आलं होतं. नवरा म्हणाला होता, "तू जा, आम्ही करू काहीतरी." मुलगी आमटी शिकत होती. ती हिंग जास्त घालायची आणि आम्ही दोघं काही न बोलता जेवायचो.

आधी मी त्या बायकांकडे गेले. हातखंब्याच्या पलीकडे आत एका वाडीत त्यांची घरं. त्या आठजणींची म्होरकी असलेली बाई अंगणात कुळीथ पाखडत होती. मला बघून तिने पाट पुढे सरकवला.

"पगाराचं बोलायला आलीस तर चा पिऊन जा," ती म्हणाली.

"पगाराचं नाही. का सोडलंत, तेवढंच विचारायचंय."

तिने सूप खाली ठेवलं. "मागच्या वर्षापतूर तुमचा टेम्पो वाडीच्या फाट्यावर सोडायचा. मग तो नवा मॅनेजर आला नि टेम्पो हमरस्त्यावर थांबायला लागला. डिझेल वाचतं म्हणे. तिथनं आमी काळोखात दोन मैल चढ चढून येतो. गेल्या पावसाळ्यात आमच्यातली एक घसरली, पाय मोडला. आमी ड्रायव्हरला सांगितलं, तो म्हणतो ऑर्डर आहे. आता काजूच्या कारखान्यात जातो. पैसे कमी मिळतात, पण उजेडात घरी येतो."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू इचारलंस कधी?" तिने असं म्हटलं, पण रागाने नाही. मग तिने चहा दिला, त्यात आलं घातलेलं होतं, आणि येताना पिशवीत शेवग्याच्या शेंगा कोंबल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी पूर्णगडला गेले. काकांचं घर किल्ल्याच्या पायथ्याशी, कोळीवाड्यात. ते भावाच्या होडीला रंग देत होते. एकवीस वर्षं आगीपाशी काढलेला माणूस असा वाऱ्यात उभा बघून मला बरंच वाटलं आणि मी आलेय कशाला, असंही वाटलं.

"ताई, मी यायचा नाय," मी बोलायच्या आधीच ते म्हणाले.

"नका येऊ. पण झालं काय, ते तरी सांगा."

त्यांनी ब्रश रॉकेलच्या डब्यात ठेवला. जानेवारीत एक दिवस वाफेचा दाब पडला. आवळ्याची कढई थंड झाली. मॅनेजर धावत आला आणि चाळीस बायकांदेखत ओरडला, "झोपा काढता काय हो? म्हातारे झालात तर घरी बसा." काकांनी पाळी पूर्ण केली, बॉयलर विझवला, चावी खिळ्याला लावली आणि घरी गेले.

"ओरडण्याचं सोडा," काका म्हणाले. "पण दाब पडला तो पाण्याच्या पंपामुळे. पंप गळतोय, हे मी दिवाळीपासून रोज रजिस्टरात लिहितोय. एक दिवस चुकवला नाय. तुम्हालापण एकदा सांगितलंय. ते रजिस्टर कोण वाचतं, ताई?"

ते रजिस्टर दर महिन्याच्या अखेरीस माझ्याच टेबलावर यायचं. मी शेवटच्या पानावर सही मारायचे आणि कपाटात ठेवायचे.

काकांच्या बायकोने जेवूनच जा म्हणून हट्ट धरला. बांगड्याचं तिखलं होतं.

ऑफिसात आल्यावर मी रजिस्टर काढलं. काकांचं अक्षर शाळेतल्या मुलासारखं, मोठं आणि गोल. "पंपाला गळती आहे." दुसऱ्या दिवशी, "पंपाला गळती आहे." असं पानामागून पान. डिसेंबरातल्या एका पानावर लिहिलं होतं, "पंपाबद्दल ऑफिसात ताईंना सांगितले. बघू म्हणाल्या." मला तो दिवस आठवला. मी दिवसभर शिफ्टचा तक्ता करत होते. तो तक्ता मॅनेजरने माझ्याकडून करून घेतला आणि साहेबांपुढे स्वतःचा म्हणून ठेवला. साहेबांनी त्याची पाठ थोपटली. माझ्या हाताखाली शिकून माझ्यावर बसलेला तो तिसरा मॅनेजर. पनवेलचा विचार मी त्याच दिवशी सुरू केला होता. माझं कोणी ऐकत नाही म्हणून मी धुमसत बसले होते, आणि त्या धुमसण्यात काकांचं मी ऐकलं नाही.

रात्रीवर न ढकलता मी तिथेच बसून सगळं हाताने लिहिलं. टेम्पोचं, पंपाचं, मॅनेजरच्या ओरडण्याचं. रजिस्टर न वाचण्याची चूक माझी, हेही लिहिलं. शेवटी लिहिलं की सोडून जाणाऱ्यांत मीसुद्धा आहे, आणि का ते. कागद साहेबांच्या टेबलावर ठेवून घरी गेले.

दोन दिवस त्यांनी बोलावलं नाही. तिसऱ्या दिवशी बोलावलं, तेव्हा कागद त्यांच्या हातात होता.

"तुम्हीपण?" ते म्हणाले. "मी दर वर्षी वाढ देतो, दिवाळीला देतो, कोणाच्या घरात आजारपण असलं तर मागे हटत नाही. आणखी काय द्यायचं माणसाने?"

"साहेब, देता सगळं. पण विचारत काहीच नाही."

त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. मला वाटलं, आता ते माझा राजीनामाच मागतील, आणि एका परीने सुटेन. पण त्यांनी टेम्पोच्या ड्रायव्हरला फोन लावला आणि गाडी उद्यापासून वाडीच्या फाट्यापर्यंत जाईल, असं सांगून टाकलं. मग म्हणाले, "आणि काका? तुम्ही पुन्हा जाऊन या."

"मी नाही. तुम्ही जायला हवं."

ते आले. त्यांच्या गाडीतून आम्ही दोघं पूर्णगडला गेलो. काका समोर आले, तेव्हा साहेब एका उपड्या होडीवर टेकले आणि माफीबिफी न मागता म्हणाले, "पंप कुठला घ्यावा, हे तुमच्याशिवाय कोण सांगणार?"

काकांनी आधी तोंड फिरवलं. मग म्हणाले, "जुन्या कंपनीचा तर मुळीच घेऊ नका." आणि मग अर्धा तास ते पंपावर बोलत होते. वाळूत बोटाने पाइपाची आकृती काढली. साहेब मध्ये मध्ये विचारत होते आणि खरंच ऐकत होते. तेरा वर्षांत मी त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं. उठताना काका म्हणाले, "येईन. पण तो जे बोलला ते ज्यांच्यासमोर बोलला, त्यांच्यासमोरच त्याने परत घ्यायचं."

मॅनेजरने ते परत घेतलं. खाली बघत, घाईघाईत, अर्धवट. पण घेतलं. एका बाईने मागून "मोठ्याने!" म्हटलं आणि सगळ्या हसल्या. काकाही हसले. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला तो त्या हसण्याने. आठांपैकी सहाजणी परत आल्या. दोघींना काजूच बरा वाटला.

माझं म्हणाल तर साहेबांनी मला मोठं पद देऊ केलं, नाव एवढं लांब होतं की दारावरच्या पाटीवर मावलं नसतं. मी म्हटलं, पाटी नको. शिफ्टचा तक्ता माझ्या सहीने निघेल, आणि दर पंधरा दिवसांनी तुम्ही, मी, काका आणि बायकांतली एकजण एकत्र बसू. एवढं ते लगेच कबूल झाले. संध्याकाळी मी पनवेलला नाही म्हणून कळवलं. घरी सांगितलं, तर नवरा "बरं," एवढंच म्हणाला आणि बाहेर जाऊन सुरमई घेऊन आला. मुलगी म्हणाली, "म्हणजे आता आमटी तूच करणार ना?" त्या रात्री मी नऊ वाजताच झोपले.

पुढच्या वर्षी मॅनेजरने स्वतःच राजीनामा दिला. मी त्याला खुर्ची दिली आणि का ते विचारलं. आधी म्हणाला, चांगली संधी आहे. मग हळूहळू सांगायला लागला, की बायको पुण्यात, बाळ चार महिन्यांचं, त्याने ते मोजून पाच वेळा पाहिलं होतं. इथे आल्यापासून आपल्याला काही येत नाही ही भीती त्याला खात होती, म्हणून तो ओरडायचा. साहेबांनी मला विचारलं, थांबवायचं का? मी म्हटलं, नको, जाऊ दे त्याला. त्याच्या निरोपाला काकांनी पूर्णगडहून सुकट आणली होती, चांगली दोन किलो, आणि ती पुण्यापर्यंत वास न येता कशी न्यायची यावर सगळा कारखाना त्याला सल्ले देत होता.