सलूचा चंद्र

सहा आठवड्यांपूर्वी ताईचा फोन आला तेव्हा मी धरमपेठेत हातगाडीवरची संत्री निवडत होतो. "तुझे भाऊजी गेले गा... झोपेतच," एवढंच ती म्हणाली. हातातलं संत्रं हातातच राहिलं. डोळे भरून आले आणि खरं सांगतो, त्याच वेळी हसूही फुटलं. संत्र्यांच्या या गावात उभा जन्म काढून माझ्या मेहुण्यानं कधी तोंडानं संत्रं मागितलं नव्हतं. बोट दाखवायचे आणि म्हणायचे, "हे दे." त्यांना र म्हणता येत नसे, त्याचा ल व्हायचा. शाळेत पोरं हसली, तेव्हापासून त्यांनी र असलेल्या शब्दांशी अबोलाच धरला.

कळमेश्वरच्या एका कारखान्यात ते स्टोअरकीपर होते. तिथले सुट्या सामानाचे डबे त्यांनी रंगवून घेतले : लाल, निळे, पिवळे. हिरवा एकही नाही. साहेबांना कारण कधी कळलं नाही. पण लग्न झालं ते नेमकं आमच्या सरूताईशी. ती त्यांच्या घरात सलू झाली आणि सलूच राहिली. संकष्टीला ताईचा उपास असायचा, आणि हुडकेश्वरच्या घराच्या गच्चीवरून चंद्राची खबर द्यायचं काम भाऊजींचं. एरवी घुमा असलेला हा माणूस तिथं मोकळ्या गळ्यानं ओरडायचा, "सलू, चंद्ल उगवला वं." शेजारच्या दोन-चार घरांतल्या बायकाही याच हाकेवर ताटं वाढून घेत.

गेल्या वर्षी नातीचं अडलं. ताईचे मुलगी-जावई वेल्समध्ये असतात. त्यांची सात वर्षांची इरा, तिचा र थेट आजोबांवर गेलेला. शाळेत तिला वेल्श कविता म्हणायची होती आणि त्यात चंद्राला शब्द होता 'लोइर'. शेवटचा र जीभ थरथरवून म्हणायचा. मुलं हसली, आणि इरेनं वर्गात बोलणंच सोडलं. हे कळल्यावर भाऊजींना दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "मी जन्मभल गप्प लाहिलो गा. तिले नाही लाहू देणाल."

मग रोज रात्री, इरा शाळेतून आली की, व्हिडिओ कॉलवर दोघांची शाळा भरू लागली. भाऊजींनी कुठून कुठून शोधून कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर चंद्राची नावं लिहिली. वेल्श लोइर, ब्रेटन लोआर, कॉर्निश लोर. सगळ्या भाषा एकमेकींच्या बहिणी, आणि सगळ्यांच्या चंद्राच्या शेवटी तोच वैरी, र. मग आयरिश भाषेत चंद्राला 'ग्यालख' म्हणतात असं सापडलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "इले, आपण तिकडंच जाऊन लाहू. तिथं चांदाले शेपटीच नाही." इरा खदखदून हसली... किती दिवसांनी हसली, असं तिची आई म्हणाली. दोघं र्र्र्र करत जिभेनं ट्रॅक्टर चालवायचे, ताई कान झाकून स्वयंपाकघरात पळायची. आणि एके दिवशी फोनमधून इरेचा र असा खणखणीत निघाला की आम्ही सगळे चमकलोच. आठवडाभरानं तिनं वर्गात कविता म्हटली. भाऊजींनी दुकानात बोट दाखवून दोन किलो संत्रा बर्फी आणली. त्यांचा स्वतःचा ल मात्र होता तिथंच होता. मला वाईट वाटलं, त्यांना मुळीच नाही.

तेरावं झाल्यावर ताईनं कॅलेंडर पाठमोरं टांगलं आणि सहज सांगितलं, "त्यांचा र तं इरेच्या महिनाभर आधीच सुटला होता. एका संकष्टीले गच्चीवरून नीट 'सरू' म्हणाले. मी दचकलीच, म्हटलं हा कोण परका माणूस बोलून राहिला. तं म्हणे, इराले सांगू नको, ती एकटी मागं राहील."

"मग ती शिकल्यावर काहून नाही बोलले?"

"मीच नको म्हटलं गा. मले सलूच बरी वाटे."



परवा संकष्टी होती. गच्चीवर मी गेलो, हातात आवाज पुरता मोठा केलेला फोन, फोनमध्ये नुकतीच शाळेतून आलेली इरा. पाण्याच्या टाकीमागून चंद्र वर आला तसा मी तिला दाखवला. आधी तिनं ऐटीत लांबलचक 'लोइर' म्हटलं. मग जराशी थांबली... आणि आवाज चढवून खाली हाक दिली, "सलू, चंद्ल उगवला वं."

शेजारच्या घरात ताटं वाजली. खालून ताईचं हसू आलं, आणि मागोमाग तिचा आवाज, "आली वं, आली."