साडूभाऊ आणि रिकामा कोपरा

जगात अजून कुठे रिकामी जागा उरली असेल, तर ती आमच्या साडूभाऊंच्या नजरेतून सुटली म्हणूनच. परभणीत त्यांचं लेसरनं कोरून देण्याचं दुकान आहे. आहेराची भांडी, दारावरच्या पाट्या, सत्काराची सन्मानचिन्हं असं काहीही. झरीच्या एका अबोल गुरुजींनी पाटीवर नुसतं आडनाव सांगितलं होतं. साडूभाऊंनी वर दोन राघू, एक वेल आणि 'सुस्वागतम्' फुकटात घातलं. बोरीच्या लग्नातल्या तांब्यावर तर आहेर देणाऱ्याचं नाव वेलीतून शोधून काढावं लागलं. कुणी बोललंच तर म्हणायचे, "मोकळं बरं दिसत न्हाई, भाऊ."

अशा माणसाकडून माझ्या मुलीला साचा करून घ्यायची वेळ आली. ती शेळ्यांच्या कासेच्या दुखण्यावर संशोधन करते. दुधाचा थेंब केसाएवढ्या नळ्यांतून खेळवून दुखणं ओळखणारी एक पट्टी तिनं आखली होती. त्यासाठी अ‍ॅक्रिलिकवर लेसरनं आजूबाजूचं जाळून बारीक रेघा तेवढ्या उभ्या ठेवायच्या आणि वर सिलिकॉन ओतायचं. घट्ट झालं की सोलायचं, म्हणजे रेघांच्या जागी नळ्या तयार. दुसऱ्या दिवशी परीक्षकांपुढे ही पट्टी चालली नाही, तर पोरीचं वर्ष पाण्यात. सिलिकॉनही एकदा ओतण्यापुरतंच उरलं होतं. तिनं काकांना हात जोडून बजावलं, जास्तीचं काही नको. काकांनी गळ्याशपथ हो म्हटलं.

सिलिकॉन सोललं आणि मुलगी रडकुंडीला आली. कोपऱ्यात, नळीला अगदी खेटून, टपोरा श्री उमटला होता. त्याची खाच नळीला कुठे भिडली असेल, तर थेंब तिकडेच मुरणार. मी संतापून नको ते बोललो. साडूभाऊ एवढंच पुटपुटले, "पोरीचं पयलं काम हाय. श्री न काढता कसं सुरू करावं?"

मुलीनं पट्टी काचेवर दाबून चिकटवली आणि नळीच्या तोंडाशी लाल पाण्याचा थेंब सोडला. लाल रेघ नळीतून सरकत श्रीपाशी आली, क्षणभर रेंगाळली आणि निमूट शेजारून पुढे गेली, थेट टोकापर्यंत. श्री कोरडा ठणठणीत. माझा जीव भांड्यात पडला. मुलगी तर हसता हसता रडायला लागली.

साडूभाऊ मात्र भिंगातून त्या लाल रेघेकडे बघत बसले. मग म्हणाले, "बाई, जन्मभर नावं कोरली. लोकं कपाटात ठिवतेत. कोरल्यालं चालताना आज पयल्यांदा बघायलो."

मुलीनं डोळे पुसले आणि त्यांच्यासाठी आणखी एक थेंब सोडला.