परबमावशींची पंगत

परबमावशी माणसाच्या तोंडाआधी त्याच्या ताटाकडे बघायच्या. वाकोल्याला त्यांची खानावळ होती. गिरणीतल्या एकट्या गड्यांना वीस वर्षं जेवू घालून लागलेली ही सवय. इस्पितळातल्या पहिल्याच भेटीत माझ्या जेवणाच्या डब्यात डोकावून म्हणाल्या, "ह्या काय गो बाय? चिमणीचा जेवाण?"

तेव्हा मेंदूतल्या रक्तस्रावाने त्यांचा उजवा हात लुळा पडला होता. अशा रुग्णांना आहारातलंच एक अँटिऑक्सिडंट जादा दिलं तर हात लवकर चालतो का, हे मी प्रबंधासाठी तपासत होते. बारा रुग्ण. सहांच्या डबीत औषधाची पूड, सहांच्या डबीत नुसती साखरेची. कुणाला काय, हे मलाही ठाऊक नव्हतं. यादी माझ्या मार्गदर्शक सरांच्या कपाटात. हे सगळं मी रुग्णांना प्रामाणिकपणे समजावलं, आणि तिथेच फसले.

दर बुधवारी मी त्यांना लाकडी खुंट्या भोकांत बसवायला लावायची. "खुंटी घेवन काय करू? माका भाकरी थापूची आसा," त्या कुरकुरायच्या. खानावळ बंद होती, तेवढाच त्यांना घोर.

सहाव्या आठवड्यात रक्ताचे रिपोर्ट आले. सरांनी यादी काढली आणि कपाळावर हात मारला. "वाट लागली! साखरवाल्यांच्या रक्तातही औषध?"

मावशींनी लगेच कबूल केलं. माझी पाठ वळली की व्हरांड्यात बाराही जण आपापली डबी त्यांच्या परातीत ओतायचे. मावशी डाव्या हाताने सगळं कालवून चमच्याने सारखं वाटायच्या.

"एकाक कालवण नि दुसऱ्याक कोरडो भात? असलो पंक्तिप्रपंच माझ्यान होवचो नाय."

मी तिथेच रडले. वर्षभराची तयारी पाण्यात गेली होती. मावशी ओशाळल्या. पुढे मी नवे रुग्ण घेतले तेव्हा स्वतः येऊन बसल्या नि त्यांना दम भरला, "हय वाढप्याच्या डोळ्यांक पट्टी आसा. आपापला खावा. डबी कोणाक दिलात तर माझ्याशी गाठ!" एकही डबी हलली नाही. पुडीने विशेष फरक पडत नाही, असाच निष्कर्ष निघाला.

प्रबंध मंजूर झाल्यावर पेढे घेऊन वाकोल्याला गेले. मावशी चुलीपुढे, उजव्या हाताने भाकरी थापत होत्या. एका कडेला जाड, पण भाकरी!

"आता तरी सांग गो, माझ्या डबीत काय होता?"

"साखर, मावशी."

त्या खदखदून हसल्या. "बघ! सगळ्यांनी आपल्यातला माका दिल्यानी, म्हणान हात चललो."

प्रबंध काय सांगतो ते माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मावशींनी त्याच हाताने गरम भाकरी माझ्या ताटात वाढली, आणि मी मुकाट्याने जेवले.