कार्डावरचं कुंकू

तुमच्या पगारातून दर महिन्याला आरोग्यविम्याचे पैसे कापले जात असतील, तर त्या विम्याच्या डॉक्टरनं तुम्हाला शेवटचं कधी तपासलं?

खंडेनवमीला आमच्या कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशिनींची पूजा होती. शेजारच्या मशिनीवर बसणाऱ्या सुशीलामावशींनी पिशवीतून विम्याचं कार्ड काढलं, मशिनीपाशी ठेवलं आणि त्यालाही हळदकुंकू वाहिलं.

"मावशी, कार्डाची कसली पूजा?" मी विचारलं.

"देवच आहे की तो. दर महिन्याला घेतो, दर्शन काही देत नाही."

सगळ्या हसल्या. मावशीही हसल्या. मग उरलेल्या झेंडूची माळ करायला त्यांनी सुई माझ्या हाती दिली. "दोरा तेवढा ओवून दे गं. उजव्या डोळ्यानं सगळं धुरकट दिसतंय."

विम्याचा दवाखाना आमच्या कामाच्या पाळीबरोबर उघडतो आणि पाळीबरोबरच बंद होतो. डोळा दाखवायचा तर मजुरी बुडवायची. या वेळा चुकून जुळल्या असतील यावर माझा विश्वास नाही. हक्काची वस्तू हाताला लागेनाशी केली की माणसं तिला हात जोडू लागतात, आणि जोडलेल्या हातांची कुणालाच भीती वाटत नाही.

मावशींचं कार्ड अजून कोरं करकरीत आहे. फक्त कडेला कुंकू लागलंय.

तुमचंही कार्ड असंच असेल, तर या आठवड्यात चौघींना सोबत घ्या आणि विम्याच्या दवाखान्यात जाऊन तो संध्याकाळीही उघडा ठेवायला सांगा. मावशींचा डावा डोळा अजून चांगला आहे, तोवर जा.