आवळलेला नट

आत्या रागावली की आमच्याकडे जेवायला उशीर होणार, हे भिंतीपलीकडच्यांनाही कळतं. गेली बावीस वर्षं ती तुंबलेली गटारं मोकळी करते. आधी हातात बांबूच्या कामट्या होत्या, आता मशीन आहे. एक लोखंडी ड्रम, त्यात गुंडाळलेली बोटभर जाड स्प्रिंग, मागे मोटर, खाली पायाने दाबायचं पॅडल. ड्रम फिरला की स्प्रिंग फिरते आणि पाइपात शिरून आतला बोळा फोडते.

पंधरा दिवस हे मशीन किंचाळत होतं. दवाखान्याच्या मॅनेजरने नाकावरचा रुमाल न काढता बजावलं, सोमवारी असाच आवाज आला तर काम दुसऱ्याला. आत्याचं महिन्याच्या महिन्याला बांधलेलं काम तेवढंच. एवढा आवाज दवाखान्यात चालत नाही, असंही त्याने जाता जाता ऐकवलं. तो मशीनबद्दल बोलला की आत्याबद्दल, याची चर्चा आतोबांनी घरी करायला नको होती. त्यांनी केली.

रविवारी आत्याने पुढच्या खोलीत चादर अंथरून मशीन उघडलं. शेजारच्या वेल्डरने लांबूनच निकाल दिला की मोटर गेली, नवीन घ्या. आत्याने बेल्ट उतरवून नुसती मोटर चालवली. ती शहाण्या पोरीसारखी घुमत राहिली. वेल्डर चहाला थांबला नाही.

मग तिने स्क्रूड्रायव्हरचं टोक ड्रमच्या मागच्या बेअरिंगपाशी टेकवलं, त्याची मूठ कानाला लावली आणि ड्रम हाताने फिरवला. आत वाळू दळल्यासारखी खरखर. बेअरिंग काढलं तर गोळ्यांना खड्डे पडलेले. नवीन बसवलं, ड्रम गपगार फिरला. झालं एकदाचं, म्हणून मी उठलो.

"बस खाली," आत्या म्हणाली. "चार महिन्यांपूर्वीच बदललेलं बेअरिंग जातं कसं?"

ड्रम आणि मोटरच्या मधे एक क्लच असतो. स्प्रिंग पाइपात अडकली की तो टकटक करत घसरतो. घसरला नाही तर मोटर रेटतच राहते, सगळा ताण बेअरिंगवर येतो, आणि पिळलेली स्प्रिंग धरणाऱ्याच्या मनगटाला वेढा घालते. आत्याने क्लचच्या नटला पाना लावला. नट शेवटच्या आट्यापर्यंत आवळलेला होता.

"हा कुणी आवळला?"

मी माझे हात बघितले. आतोबांनी छत बघितलं. मग सांगितलं, की मॅनेजर त्या टकटकीवरही कुरकुरला होता, तिचं काम जाऊ नये म्हणून त्यांनीच गुपचूप आवळला.

"माझा हात गेला असता तर भांडी तुम्ही घासणार होतात?"

आतोबा हो म्हणाले. ही त्यांची दुसरी चूक. पुढचा तासभर त्यांच्या अकलेची, मॅनेजरच्या रुमालाची आणि अधूनमधून माझ्या इंजिनिअरिंगच्या डिप्लोम्याची यथेच्छ सालटी निघाली. बोलता बोलता तिने नट सैल केला, स्प्रिंगचं टोक शिकंज्यात पकडलं आणि क्लच टकटक करेपर्यंत पॅडल दाबून पाहिलं.

सोमवारी दवाखान्यात किंचाळी नव्हती. पाइपाच्या तिसऱ्या वळणाला मात्र स्प्रिंग अडकली आणि टकटक सुरू झाली. मॅनेजर रुमालासकट बाहेर आला. आवाज बंद केलाय म्हणालात ना, असं त्याने विचारलं.

आत्याने पॅडलवरून पाय काढला. "बिघाडाचा बंद केला. हा राहणार. नको असेल तर नट परत आवळते, स्प्रिंग तुम्ही धरा."

त्याने स्प्रिंगकडे पाहिलं आणि दोन्ही हात पाठीमागे नेले. आत्याने पुन्हा पॅडल दाबलं, स्प्रिंग पुढेमागे केली आणि अखेर बोळा ओढून काढला. रबरी हातमोजे, पट्ट्या, कापूस. तो तिने पायरीवर, त्याच्या बुटांपाशी ठेवला आणि हे गटारात कोण टाकतं, ते आधी बघा म्हणाली.

त्याने बूट मागे घेतले. पुढच्या महिन्यापासून दुपारी या, पेशंट गेल्यावर, एवढंच पुटपुटला. दुसऱ्या कुणाचा विषय निघाला नाही.

"दोनला येईन," आत्या म्हणाली. "टकटक होणार."

स्प्रिंग पुसायला आतोबा फडकं घेऊन पुढे झाले. तिने ते त्यांच्या हातातून ओढून घेतलं.