सुतकातली मोटार

आई गेल्यापासून माझं वाचन बंद पडल्यासारखं झालं आहे. पुस्तक उघडते, दोन पानं होतात आणि मन दुसरीकडे निघून जातं. गेले काही दिवस ते एकाच ठिकाणी जातं: मल्लेश्वरमच्या आमच्या घराच्या अंगणात, वडिलांच्या सुतकात. ही आठवण दुःखाची असायला हवी होती. पण सगळ्यांत आधी येते ती किळस.

वडील गेले तेव्हा मी कॉलेजात होते. ते एका सरकारी संशोधनसंस्थेत नोकरीला होते. त्यांच्यामागे राहिली चार कपाटं पुस्तकं आणि एक काळी, जुनी इंग्रजी मोटार. मोटारीच्या मागच्या एका चाकावरचे पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची कमान, त्यांच्या आजारपणातच तुटले होते. ते दुरुस्त करून घ्यायचं कुणाला सुचलं नाही. मोटार एका अंगावर कलून अंगणात पडून होती.

बेळगावहून वडिलांचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे काका, आणि थोरली विधवा बहीण, म्हणजे आत्या, अशी दोघं आली. सुतकात फोडणी नाही, हळद नाही, तळण नाही. त्या पांढऱ्या फटक भाताचेही काका मोठमोठे घास घेत, ताक ओरपत आणि उघड्या पोटावरून हात फिरवत ढेकर देत. 'दादा फार साधा माणूस होता हो,' असं म्हणून ते डोळे पुसत आणि त्याच हातानं पुन्हा भात वाढून घेत. आत्या दिवसभर तपकीर ओढी. तिच्या पदराला, उशीला, अगदी पाण्याच्या भांड्याच्या काठालासुद्धा तो तपकिरी चिकटा असे. मी त्या भांड्यातून पाणी पिणं सोडलं होतं.

अस्थींचं मडकं रिवाजाप्रमाणे घराबाहेर, पेरूच्या फांदीला टांगलं होतं. दहाव्याचं सगळं श्रीरंगपट्टणला कावेरीवर व्हायचं होतं. नवव्या दिवशी दुपारच्या गाडीनं पुरुषांनी निघायचं आणि रात्री तिथल्या छत्रात, म्हणजे धर्मशाळेत, उतरायचं असं ठरलं होतं. बायका नदीवर जात नसत. त्यांच्यासाठी घरी वेगळं काम होतं. पुरुष गेले की आत्या आणि शेजारपाजारच्या दोन-तीन विधवा मिळून आईच्या बांगड्या फोडणार होत्या. ते कसं करायचं हे आत्या आईच्या देखतच मला सांगत होती.

"हात उंबऱ्यावर धरायचा. वरवंट्याचा एकच घाव. माझ्या वेळी सासूनं दोनदा हाणला, तर काच आत शिरली होती. हे बघ." तिनं मनगट पुढे केलं. त्या वणाकडे मला बघवेना. पण तिच्या आवाजात जी चव होती तिची मला जास्त किळस आली.

 संध्याकाळी आईनं दादाला, माझ्या भावाला, आत बोलावलं.

"मला नदीवर घेऊन चल. ह्यांच्या हाती मागं ठेवू नकोस."

दादानं काकांजवळ विषय काढला. काका उखडलेच.

"आगगाडीत, चार लोकांत, अस्थींबरोबर बाईमाणूस? अरे, बेळगावात आम्हांला तोंड दाखवायची सोय राहायची नाही." मग त्यांचं लक्ष त्या कललेल्या मोटारीकडे गेलं आणि ते हसले. "हां, ही तुमची गाडी उभी राहिली तर खुशाल न्या वहिनींना. कोण नको म्हणतंय?"

दादा एका सरकारी कारखान्यात नकाशे काढायच्या खात्यात होता. त्याच्या हातात पेन्सिल असायची. गॅरेजवाल्यानं आठवड्याची मुदत मागितली, तेव्हा तो स्वतःच मोटारीखाली शिरला. घरात होता एक स्क्रूचा जॅक, झिजल्या जबड्याचा एक पाना आणि कोळसा फोडायची हातोडी. कुंपणाच्या दगडी फरशा एकावर एक रचून त्यावर त्यानं मोटारीचा सांगाडा टेकवला. नट गंजून दगड झाले होते. पान्याच्या दांड्यावर नळाचा तुकडा चढवून दादा त्यावर लटकायचा, तेव्हा कुठे ते करकरत हलायचे. वर्षानुवर्षांचं काळं वंगण, चिखल आणि त्यात अडकलेली झुरळं त्याच्या कपाळावर, दाढीवर पडत. आणि सुतकात साबण लावायचा नाही! राखेनं आणि रॉकेलनं हात घासून तो जेवायला बसे. काळ्या बोटांतून भात गळताना पाहिलं की माझा घास तोंडातच फिरायचा. आत्या त्याला लांबूनच वाढायची.

तुटलेले पाटे शेजारचे अण्णा जटक्यात, म्हणजे घोडागाडीत, घालून आमच्याच गावातल्या शिवाजीनगरच्या लोहाराकडे घेऊन गेले. अण्णा धारवाडकडचे, मराठी-कानडी एकत्रच बोलत. लोहारानं नव्या पट्ट्या घालून कमान बांधली, पण ती हातात आली नवव्या दिवशी सकाळी. गोणपाट सोडलं आणि अंगणभर वास सुटला. पट्ट्यांच्या फटींतून पिवळट, मऊ काहीतरी बाहेर आलं होतं. माश्या लगेच आल्या. फाटकाशी दोन कुत्री येऊन उभी राहिली.

"हे काय आहे, अण्णा?" काकांनी नाकाला उपरणं लावलं.

"चरबी, रीऽ. पाटे चरबीत घालून ठेवतात, नाहीतर कुरकुर करतात. स्वल्प वास येणारच."

"कसली चरबी?"

"ते मी विचारलं नाही," अण्णा म्हणाले. "तुम्हीपण विचारू नका. मला घरी जाऊन आंघोळ करायची आहे, मला ते माहीत नसलेलं बरं."

"अरे, ह्या गाडीत अस्थी ठेवायच्या? विटाळ आहे विटाळ!" काका ओरडले. दादा तोपर्यंत ती कमान छातीशी धरून गाडीखाली सरकला होता. त्याच्या उघड्या अंगाला ती चरबी फासली गेली. मी न्हाणीघराच्या मागे जाऊन ओकले आणि परत आले, कारण पाना हातात द्यायला दुसरं कुणी नव्हतं.

दुपार झाली तरी काम अडूनच होतं. नवी कमान जास्त वाकलेली होती. तिचं पुढचं टोक पिनेनं अडकलं, मधला भाग आवळून बसला, पण मागचं टोक त्याच्या भोकापासून बोटभर दूर राहिलं. कमान दाबली की ती सपाट होते आणि लांब होते. ती दाबायला वरून वजन हवं. जॅक खालून फिरवला की कमान दबण्याऐवजी सगळी मोटारच दगडांवरून उचलली जाई. आम्ही मागच्या सीटवर तांदळाची पोती टाकली, कोळशाचं पोतं टाकलं. अण्णा बसले, मी बसले. अजून थोडं हवं होतं.

"काका, तुम्ही जरा बसता?" दादानं खालून विचारलं.

"मी? त्या चरबीत? नाही जमत तर नाही म्हण. माझी गाडीची वेळ होत आली." काका ओसरीवर पाय हलवत बसून राहिले. आत्या दाराच्या आत उभी होती. शेजारच्या दोघी येऊन बसल्याही होत्या.

तेव्हा आई बाहेर आली. नऊ दिवस ती माजघराच्या कोपऱ्याबाहेर आली नव्हती. नव्या विधवेचं तोंड कुणी पाहू नये म्हणत. ती भर उन्हात, रस्त्यावरच्या लोकांसमोर, ओसरी उतरली, मोटारीचं दार उघडून माझ्या शेजारी बसली आणि दार ओढून घेतलं. दाराच्या कडेची चरबी तिच्या लुगड्याला लागली. तिनं पाहिलंही नाही.

दादानं जॅक फिरवला. "अजून थोडंसं," तो म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता.

काका धावत आले. त्यांनी दुसऱ्या बाजूचं दार उघडलं, आत वाकले आणि आईचा दंड धरला. "वहिनी, उतरा. लोक बघताहेत." आई हलेना. त्यांनी एक पाय आत टाकला, मग दुसरा, आणि तिला ओढता यावं म्हणून पोत्यावर बसकण मारली. मोटार कण्हली आणि खाली गेली.

"काका, हलू नका!" अण्णा ओरडले. "अल्लेऽ, तसंच बसा, तसंच!"

खालून हातोडीचे घाव ऐकू आले. काकांचा घामानं ओला हात आईच्या दंडावर तसाच होता. तो मला आजही दिसतो. तळव्याखाली तिचं कातडं पांढरं पडलं होतं. मग दादा खालून म्हणाला, "बसली."

"हात सोडा, भाऊजी," आई म्हणाली. "गाडी उभी राहिली तर न्या, असं तुम्हीच म्हणाला होतात ना."

काकांनी हात सोडला. त्यांच्या धोतराच्या मागे कोळशाचा मोठा गोल उमटला होता. अण्णांनी तोंड फिरवलं, पण त्यांचे खांदे हलताना मला दिसले.

दादानं उरलेले नट आवळले, फरशा काढल्या. तोवर आई उतरली नाही. तिला पाणीही मी तिथंच नेऊन दिलं. आत्या दोनदा दारात येऊन गेली. "परत आल्यावर बघू," ती मोठ्यानं म्हणाली. मडकं पेरूवरून उतरवून दादानं पुढच्या सीटवर ठेवलं. काका आगगाडीनं गेले.

वाटभर तो वास आमच्याबरोबर होता. पाटे तापले तसा तो वाढला. मंड्याच्या अलीकडे मी पुन्हा गाडी थांबवायला लावली. आईनं माझं कपाळ धरलं. तिच्या हातालाही तोच वास होता.

दुसऱ्या दिवशी दादानं पाण्यात उभं राहून अस्थी सोडल्या. आई पायरीवर बसून बघत होती. सगळं झाल्यावर तिनं हात पाण्यात बुडवले आणि एकेक बांगडी काढू लागली. घाई नव्हती. निघेल तशी ती पाण्यात सोडत होती. उजव्या हातातली एक निघेना; तिचे हात सुजले होते. तिनं थोडा वेळ प्रयत्न केला आणि मग सोडून दिला.

घरी परतलो तेव्हा ती हातात होती. आत्यानं ती दारातच पाहिली.

"एक राहिली की गं वहिनी." तिची तपकिरी बोटं आईच्या मनगटाकडे आली.

"राहू दे," आई म्हणाली आणि हात पदराखाली घेतला.